डाव्या हाताची करंगळी

आदिनाथ सोमाटण्याहून लोणावळ्याच्या योगकेंद्रात पंखा दुरुस्त करायला गेला आणि बघता बघता त्याच्याच डोक्याला तारा लागल्या.

"हलू नका हं…" तारा चिकटवणारी म्हणाली. थंडगार मलम, खिडकीबाहेर पाऊस आणि कानाशी तिचा श्वास. तो कशाला हलतोय!

"नाव?"

"आदिनाथ. पंखेवाला."

तिचे हात थबकले. "अहो, मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही हलू नका म्हणालात."

"तोंड चालतं की!"

"उगाच धोका कशाला—"

ती हसली. तिचं नाव अनघा. योगनिद्रेत मेंदूचं काय होतं, हे ती तपासत होती आणि तिला माणसं कमी पडत होती. आदिनाथ राहिला. पंखाही तसाच राहिला.

नियम एकच. आडवं पडायचं, तिचा आवाज ऐकायचा, पण झोपायचं नाही. "उजव्या हाताचा अंगठा… पहिलं बोट…" मधल्या बोटापर्यंत आदिनाथ ढाराढूर. शेजारच्या चटईवर तिकोणा पेठेचे हौशीराम आबा. त्यांचं तोंड उघडं आणि पडद्यावर मेंदूच्या रेषा गाढ झोपेच्या. त्यांना कुणी काही विचारतही नसे.

"तुम्ही जागे होतात?" अनघानं पहिल्याच दिवशी इतक्या आशेनं विचारलं, की तो म्हणाला, "टक्क!"

ती रेषांकडे बघतच राहिली. मेंदू झोपलेला आणि माणूस जागा! "तुमच्यासारखा दुसरा कुणी नाही…"

हे ऐकून खरं बोलेल असा गडी मावळात अजून जन्मायचाय.

मग तो रोज येई, रोज झोपे, रोज 'टक्क' म्हणे. नंतर दोघं भुशीच्या वाटेवर भजी खात. अहो-जाहो कधी गळालं, कळलं नाही. त्याच्या केसांतलं मलम ती पुसायची… गरजेपेक्षा जरा हळूच.

शेवटच्या दिवशी मात्र तिनं तारा भराभर काढल्या.

"जागा होतास?"

"टक्क! शब्द न् शब्द ऐकला."

"बरं…" तिनं मान वळवली. "पंखा तेवढा करून जा."

त्यानं पंखा केला. खाली चपला घालताना आबा म्हणाले, "लय दगडी काळजाचा रं तू!"

"मी? काय केलं?"

"पोरगी मधीच हळू बोल्ली न्हाई का— 'मी बंगळूरला चाललेय. आवडत असेन तर डावी करंगळी हलव, मी थांबते.' तू ढिम्म! मलाच कसंसं झालं. शेवटी म्या हलिवली."

आदिनाथ धावत वर गेला.

"अनघा, मी झोपलो होतो!"

"आज?"

"…रोज. ऐकलं ते आबांनी."

"आबांनी? त्यांचा मेंदू तर झोप दाखवत होता…" ती खुर्चीत बसली. म्हणजे चमत्कार शेजारच्या चटईवर होता. तिचं संशोधन बचावलं होतं. वर पंखा गरगर फिरत होता.

"मला तू आवडतेस," त्यानं करंगळी हलवून दाखवली. "हे खरं आहे."

"'टक्क' म्हणतानाही तू असाच दिसायचास रे…" ती म्हणाली. हसली, डोळे टिपले, आणि गेली.

घरी सराव करायला म्हणून तिनं सगळ्यांना आपला आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून दिला होता. आदिनाथ दुपारी आडवा पडून ऐकतो. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट… आता झोप येत नाही. शब्द न् शब्द ऐकू येतो. डाव्या करंगळीचं नाव आलं की तो ती हलवतो.

आवाज थांबत नाही. मनगटाकडे निघून जातो.