सुलटी

नीळकंठरावांनी दुर्बीण आणली ती हौसेपोटी नाही, तर पत्नी सुमेधाबाई खोलीबाहेर याव्यात म्हणून. एकुलती एक लेक शाल्मली दोन वर्षांपूर्वी यवतमाळ रोडवर स्कूटीसकट ट्रकखाली गेली, तेव्हापासून बाईंनी दारव्ह्याच्या त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलणं 'हो' नि 'नाही' एवढंच. एकदा पेपरातला चंद्राचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "असा फोटो आपल्याले जमन का हो?" झालं! आठवड्यात दुर्बीण गच्चीवर उभी.

हातभर नळी, आत आरसा, खाली तीन पाय. नवशिक्यांची. जफर मेकॅनिकनं मोबाइल अडकवायला पत्र्याची क्लिप वळवून दिली. पहिले फोटो काय सांगावे! चंद्र म्हणजे नासलेलं दूध. बोट लागलं की हलायचा. मग टायमर लावून हात मागं बांधायचे, हे जमलं, आणि एका संध्याकाळी चंद्राचे खड्डे असे लख्ख उठले की सुमेधाबाई गच्चीवर चढून आल्या. "बाप्पा बाप्पा!" म्हणाल्या आणि चक्क हसल्या. नीळकंठरावांना रडूच आलं. हिला आता पुन्हा त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं.

मोठ्या नळीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. दोन्हींचा नेम एक करायचा तर तो उजेडात, दूरच्या वस्तूवर. नीळकंठरावांनी कापसाच्या जिनिंगपलीकडच्या तुरीच्या वावरातला मोबाइल टॉवर धरला. अशा दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. जमीन वर, टॉवर खाली लोंबकळतो. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत जन्मभर जमिनीची पातळी मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीतून उलटे आकडे वाचलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक! त्यांनी टॉवरचा एक फोटोही काढून ठेवला.

जफर क्लिप आवळायला आला होता. त्यानं सहज डोळा लावला आणि मागं सरकला.

"साहेब, यातून सगळं उलटं दिसते न?"

"दिसणारच. आरसा आहे बाबा."

"मंग थे पोरगी सुलटी काहून?"

नीळकंठरावांनी पाहिलं. तुरी उलट्या, बकऱ्या उलट्या, त्यांच्यामागचा गुराखी उलटा. टॉवरखाली पिवळ्या ओढणीतली एक मुलगी मात्र सरळ. म्हणजे हिशेबानं ती तिथं डोकं खाली, पाय वर अशी असायला हवी. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. गुराखी ठिपक्याएवढा दिसत होता. टॉवरजवळ ठिपकाही नव्हता.

"काचेवर काही असेल," ते म्हणाले. "बाईंजवळ बोलू नको."

जफर मान हलवून गेला. फिरून आला नाही.

काच पुसली, बदलली. मुलगी तिथंच. शेवटी त्यांनी नळी दुसरीकडं वळवली आणि विषय संपवला. फोटो मात्र मोबाइलमध्ये राहिला. चंद्राचे फोटो बघता बघता सुमेधाबाईंचं बोट त्याच्यावर थांबलं.

"ही शाल्मली आहे."

"अगं, काचेचा दोष आहे तो."

"मले माही पोर समजत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना घर रिकामं होतं. बाईंच्या चपला नव्हत्या. नीळकंठराव धापा टाकत गच्चीवर गेले, नळी टॉवरकडं वळवली. वावराच्या धुऱ्यावरून सुमेधाबाई चालल्या होत्या, सगळ्यांसारख्याच उलट्या. त्यांनी फोन लावला.

"सुमेधा, माघारी ये!"

"इथं तं कोणीच नाही हो." बाई रडत होत्या. "मी किती वेळची आवाज देऊन राह्यली."

मुलगी त्यांच्या पुढ्यातच होती. सुलटी. तिनं हात पुढं केला.

"पळ तिथून! सुमेधा, पळ!"

"कायले?"

फोन कटला. घाबरून त्यांचाच धक्का नळीला लागला.

पुन्हा नेम धरेपर्यंत टॉवरखाली कोणी नव्हतं.

ते तसेच अनवाणी धावले. जिनिंगच्या फाटकापाशी समोरून सुमेधाबाई येताना दिसल्या. ओढणी नाही, मुलगी नाही, डोळ्यांत पाणीही नाही.

"असे काय धावून राह्यले? चला, भूक लागली मले."

त्यांनी रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी नीट वेणी घातली, शेजारणीला बोलावून गप्पा मारल्या. नीळकंठरावांनी देवापुढं हात जोडले. काय झालं ते त्यांना विचारायचंच नव्हतं. बायको परत मिळाली, बस.

दुसऱ्या संध्याकाळी त्या आपणहून गच्चीवर आल्या. नळी कालपासून टॉवरवरच होती. त्यांनी डोळा लावला आणि खुदकन हसल्या.

"अहो, दुरुस्त केली वाटते तुम्ही!"

"काय दुरुस्त केलं?"

"आता कसं सगळं सुलटं दिसते."

नीळकंठराव पुढं झाले आणि वाकून पाहू लागले.

टॉवर खाली लोंबकळत होता. गुराखीही.

"दिसते न?" मागून आवाज आला, अगदी जवळून.

ते तसेच वाकून राहिले. नळीवरून डोळा काढला की तिच्याकडं बघावं लागणार होतं.