राखाडी चौकोन

गेली ना लाईट? बरं झालं. आता तरी ते मोबाईल खाली ठेवाल. खालून उजेड पडला की तुमच्यातलाच एकेक जण भूत दिसतो. गोष्ट हवी असेल तर नीट बसा, आणि मध्ये मध्ये ‘खरंच का’ असं विचारायचं नाही. खरीच आहे. माझ्या हाताखाली एक वायरमन होता, त्याच्या घरात घडलेली आहे.

वायरमनची पहिली बायको तापाचं निमित्त होऊन गेली. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. पहिलीला घरात सगळे थोरली म्हणायचे, आणि हिला अख्खी गल्ली ‘वायरमनची दुसरी’ म्हणून ओळखायची. बाई चांगली हो. दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. कामाला चोख, बोलायला खमकी. पण थोरलीचा विषय निघाला की तिचा तिळपापड व्हायचा.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या बाईचा कसला मत्सर करायचा? अरे, जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. ही थोरली भिंतीवरच्या फोटोतून नुसती हसायची. नणंद आली की तिचं सुरू, ‘थोरल्या वहिनी असं नव्हत्या करत.’ थोरलीला अहो-जाहो आणि हिला अगं-तुगं! वायरमन तर त्याहून वरचढ. दमून घरी आला की दारातून हाक मारायचा ती थोरलीच्या नावानं. जिभेची सवय, दुसरं काय. लगेच ही आतून कडाडायची, ‘मी नाही ओ देणार! जिला हाक मारलीत तिलाच सांगा दार उघडायला!’ मग तो बिचारा पायरीवर बसून सिगारेट ओढत राहायचा.

तर जानेवारीतला शेवटचा शुक्रवार. अमावास्या-बिमावास्या काही नाही, चांगलं टिपूर चांदणं होतं. कुठेतरी डीपी जळाली म्हणून वायरमन संध्याकाळीच कामावर गेला होता. नणंदेचा फोन आला. त्यांच्या शहरातल्या नोंदणी कार्यालयानं जुनी रजिस्टरं, म्हणजे जन्म, लग्न, मृत्यू, सगळी ऑनलाइन टाकली होती. घरबसल्या खापरपणजोबा सापडतो म्हणे. नणंदेनं तिथेच घराण्याची वंशावळ मांडायला घेतली होती, पण वडिलांच्या लग्नाची नोंद काही तिला मिळेना.

‘वहिनी, तू रोज नावंच शोधत असतेस ना? बघ की जरा.’

हिनं भांडी आवरली आणि टॅब घेऊन टेबलाशी बसली. केसपेपरवाली ती. कारकून आडनाव कानाला लागेल तसं लिहितो, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं आडनावाची वेलांटी फिरवून पाहिली, काना काढून पाहिला, आणि सासरे सापडले! पिवळं पान, तिरकं अक्षर, खाली सासूबाईंचा अंगठा. नणंदेला लगेच कळवलं.

‘कमाल आहे गं वहिनी तुझी! थोरल्या वहिनींना हे जमलं नसतं हं.’

हिला काय गुदगुल्या झाल्या म्हणता! सहा वर्षांत पहिल्यांदा थोरली हरली होती. त्याच खुशीत तिनं वंशावळ उघडली. म्हटलं, बघू तरी आपण कुठे आहोत.

वर सासरे, सासूबाई. खाली, नणंदेचा सोडला तर, एका ओळीत तीन चौकोन. मधला राखाडी, त्यावर लिहिलेलं, ‘हयात व्यक्ती. माहिती खासगी.’ तो वायरमन. उजवीकडचाही राखाडी, ‘हयात व्यक्ती. माहिती खासगी.’ ती ही. आणि डावीकडे थोरली. पूर्ण नाव, ठळक अक्षरात. जन्म, लग्न, मृत्यू. वर फोटो, तोच, भिंतीवरचा.

नियमच आहे तिथला. जिवंत माणसांची नावं झाकायची, गेलेल्यांची उघडी ठेवायची. हिलाही ते कळत होतं. पण कळून काय उपयोग? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरासाठी राबायचं मी, सासूबाईंचं दुखणं काढायचं मी, आणि घराण्याच्या पानावर नाव हिचं? मी कोण, तर कुणी एक व्यक्ती!

‘मेली!’ ती फोटोकडे बघून म्हणाली.

शिवीच दिली तिनं. आपल्या बायका रोज देतात तशी. पण नेमकी ती शिवी खरी होती ना. स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर तेवढ्यात थांबली. फ्रीज थांबतो कधी कधी, तिनं लक्ष दिलं नाही.

आपल्या चौकोनावर तिनं बोट दाबलं. ‘दुरुस्ती करा’ असं आलं. खाली दोन गोल होते. हयात. मयत. हयातच्या गोलात ठिपका.

आता बघा हां, बाईची अक्कल कुठे पेंड खायला गेली ते. ती मनाशी म्हणाली, एक रात्र मयत करते. नाव उघडं होईल. नणंदबाईंना एकदा बघू दे, हिलाही नाव आहे म्हणून. उद्या उठले की परत हयात करेन, त्यात काय मोठंसं? तिनं मयतवर बोट ठेवलं. तारीख विचारली. कुठली तरी टाकायचीच होती, तिनं त्या दिवसाची टाकली.

पान फिरत राहिलं... आणि आलं. तिचं नाव. पूर्ण. ठळक. थोरलीच्याच अक्षराएवढं. बाई खुदकन हसली. इतकी सुखावली, की डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मग डावीकडे नजर गेली.

फोटो नव्हता. नाव नव्हतं. तारखा नव्हत्या. चौकोन राखाडी होता.

‘हयात व्यक्ती. माहिती खासगी.’

तिनं घाईघाईनं आपला चौकोन उघडला. हयातवर बोट दाबलं. परत दाबलं. खाली लाल अक्षरं उमटली.

‘मयत व्यक्तीला दुरुस्ती करता येत नाही.’

भिंतीकडे बघायचं नव्हतं तिला. तरी बघितलं. चौकट होती. काच होती. काचेच्या आत...

कुणी नव्हतं.

हातपाय गार पडले. उठता येईना. आणि दाराशी पावलं वाजली. वायरमनची! काम आटपलं होतं. तिच्या जिवात जीव आला. आता तो येईल, वेडी आहेस म्हणेल.

त्यानं हाक मारली. दमलेला होता. नेहमीसारखीच मारली.

थोरलीच्या नावानं.

आज तिला राग नव्हता. आज ओ द्यायची होती. कुठल्याही नावाला. तिनं तोंड उघडलं...

आवाज फुटेना.

पुन्हा हाक आली. पुन्हा तोंड उघडलं. नाही...

आणि मागून, स्वयंपाकघरातून...

‘ओ! आले, आले.’

...

वायरमन सांगतो, त्या रात्री दार पटकन उघडलं. ही समोर उभी. चेहरा तोच, गाऊन तोच. हसून म्हणाली, ‘किती दमलात.’ तेव्हापासून त्या घरात भांडण म्हणून नाही. तो अजूनही चुकीच्याच नावानं हाक मारतो, आणि ती ओ देते. तो खूश आहे. नणंदेनं मात्र त्या कार्यालयाकडे अर्जावर अर्ज केले, पण ओळ काही बदलत नाही. दोन राखाडी चौकोन शेजारी शेजारी, आणि बाजूला एक नाव.

काय रे, काय पुटपुटतोयस? मोठ्यानं विचार. ती घरात एकटी होती, मग टेबलाशी काय झालं ते मला कुणी सांगितलं? हुशार आहेस.

तिनंच सांगितलं. मध्ये मी गेलो होतो त्यांच्याकडे. भिंतीवर रिकामी चौकट बघितली आणि सहज विचारलं. तर समोर खुर्ची ओढून बसली, चहाचा कप हातात घेऊन सगळं सांगितलं बाईनं. वेलांटी कशी फिरवली, शिवी कशी दिली, आवाज कसा फुटेना. हसत होती सांगताना.

फक्त एकदाही ‘मी’ म्हणाली नाही. ‘दुसरी’ म्हणत होती.