अंग धुतलेलं पाणी

या, असे जवळ सरकून बसा. पाय शेगडीकडे करा हवं तर, पण कान इकडे असू द्या. एका हरणाची, एका आंधळ्या भक्ताची आणि त्याच्या लेकाची गोष्ट सांगतो. पूर्व केंटकीतल्या लॉरेल फोर्क खोऱ्यात घडलेली. भिऊ नका असं म्हणणार नाही. पण मन लावून ऐका, कारण शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

हॉबर्ट स्टर्गिल म्हणजे त्या खोऱ्याचा गळा. लॉरेल फोर्कच्या लाकडी चर्चमध्ये प्रवचन बोलत नाहीत, गातात. कानावर हात धरून हॉबर्ट एक ओळ टाकायचे आणि सगळी मंडळी ती आळवत, ओढत, डोंगरावर चढवल्यासारखी वर न्यायची. गाता गाताच लोक उठायचे, एकमेकांचे हात हातात घेत, गळाभेट घेत फिरायचे. पुढे खाणीतल्या यंत्रांनी हॉबर्टचे कान नेले आणि साखरेच्या आजारानं डोळे. राहिलं ते नाक. मग त्या गळाभेटीत ते माणूस हुंगून ओळखू लागले.

"ड्यूई फ्रेली!" भर भजनात ते गरजले होते. "तंबाखू सोडली म्हणून देवासमोर सांगितलंस, आणि मानेला हा वास कसला येतोय?" शेजारचा ड्यूई लाजून लाल, आणि मंडळी गाता गाता हसतायत.

एस्टिल हा त्यांचा धाकटा. लग्न केलं नाही, लाकडाच्या गिरणीत साखळीची करवत चालवायचा. थोरली बहीण ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळपाळी करून घर सांभाळायची. रोज संध्याकाळी एस्टिल बापाच्या शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायचा आणि मान पुढे करायचा. म्हातारा हुंगायचा.

"ओकचा भुसा. साखळीचं तेल. कच्चा कांदा," म्हणायचा. "आला माझा एस्टिल."

डॉक्टरांनी ओपलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिवाळा काढणं कठीण आहे. तेव्हापासून एस्टिलच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. जाताना डॅडींनी आपल्याला ओळखावं. दुसरं काही नको.

पानगळ सरत आली तसं म्हाताऱ्यानं एक मागितलं. "पोरा, यंदाचं हरीण खायचंय. ओपलच्या हातचं. डोंगराच्या वरच्या धारेवरचा तो म्हातारा नर असला तर फारच बरं."

मागायला तेवढंच सोपं! तो नर एस्टिलला चांगला ओळखून होता. दरवर्षी बाणाच्या टप्प्यात येण्याआधी थबकायचा, नाक वर करायचा, फुर्रकन फुरफुरायचा आणि पांढरी शेपटी उभारून पसार व्हायचा.

"माझ्याआधी माझा वास पोचतो तिथं," एस्टिल ओपलला म्हणाला. "यंदा तो घरीच ठेवून जातो."

झालं, लागला कामाला. गिरणीतून सुट्टी घेतली. कॉफी बंद, कांदा बंद. खाण्याच्या सोड्यानं दात घासायचे, बिनवासाच्या साबणानं टाळूपासून तळव्यापर्यंत अंग चोळायचं. शिकारीचे कपडे सोड्यात धुऊन उघड्यावर वाळवायचे आणि झाकणाच्या पिंपात ओकच्या पाचोळ्यात पुरून ठेवायचे. अंगावर चढवायचे ते रानात पोचल्यावर. रबरी बूट घालून घरात पाऊल टाकायचं नाही.

"नवरदेवसुद्धा एवढा धुत नाही," ओपल म्हणाली. "आणि ते पाणी कुठं सोडतोस?"

"मागच्या पडवीत धुतो. जातं ओढ्याला."

ओपलचा हात थांबला. "आईचं विसरलास? शिकारीआधी अंग धुतलेलं पाणी ओढ्याला द्यायचं नाही. उंबऱ्यापाशी ओतायचं."

"का बरं?"

"म्हणायची, वासाला घर कळलं पाहिजे."

"वासाला पाय असतात काय गं?"

"तुझ्या मोज्यांना विचार," ओपल म्हणाली. दोघं हसली. पाणी ओढ्यालाच जात राहिलं.

पहिल्या दिवशी धारेवरून रिकाम्या हातानं परतला आणि सवयीनं बापाशेजारी बसायला गेला. म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. तोंडावर मात्र समाधान होतं.

"सकाळभर बसलास रे माझ्यापाशी," ते समोर तोंड करूनच म्हणाले. "बरं वाटलं. आता मध्येच उठून कुठं गेलास?"

ओपल नुकतीच शाळेतून येऊन डोक्याचा रुमाल सोडत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हातारपण," ती हळूच म्हणाली.

एस्टिलला ते पटलं नाही. डॅडींच्या नाकाला म्हातारपण नव्हतं. दाराजवळच्या खुंटीवर त्याचं गिरणीतलं जॅकेट होतं. लटकलं होतं जसंच्या तसं, पण त्याला वाटलं, कुणीतरी ते घालून परत ठेवलंय. आणि कुणीतरी म्हणजे कोण? ड्यूई फ्रेली. डॅडींच्या नावावरची वरच्या धारेची जमीन ड्यूईला केव्हापासून हवी होती. आंधळ्या-बहिऱ्या म्हाताऱ्याशेजारी लेकाचं जॅकेट घालून बसायचं आणि गोडीगुलाबीनं अंगठा घ्यायचा. किती सोपं!

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं शेगडीतली राख चाळून दोन्ही दारांच्या पायऱ्यांवर पसरली.

दुपारी येऊन पाहिलं तर राखेत पेनीचे पंजे होते. पेनी म्हणजे घरातली कुत्री. माणसाचं पाऊल एकही नव्हतं. आत हॉबर्ट गुणगुणत होते, आणि कुणाच्या तरी गुडघ्यावर थोपटावं तशी त्यांची बोटं खुर्चीच्या कडेवर थोपटत होती.

एस्टिल तसाच कुंपण ओलांडून ड्यूईकडे गेला. ड्यूई कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"माझ्या बापाशेजारी येऊन बसतोस?"

"बसेन की. त्यात चोरी आहे का?"

"माझं जॅकेट घालून?"

ड्यूई आधी हसला. मग एस्टिलचा चेहरा बघून हसायचं थांबला. "अरे बाबा, ब्रदर हॉबर्ट मला फाटकापासून ओळखतात. जॅकेट घालून काय, अस्वलाचं कातडं पांघरून आलो तरी म्हणतील, ड्यूई, तंबाखू." मग त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "पण तू आत्ता डोंगरावरून उतरलास?"

"हो."

"मग मघाशी ओढ्याकाठानं कोण गेलं? मी पाठमोरा होतो. भुसा आणि तेल, भसकन नाकात आलं. मी हाकसुद्धा मारली, एस्टिल, कॉफी घेणार का? उत्तर नाही. म्हटलं रुसला असेल जमिनीवरून."

ड्यूई खोटं बोलत असेल, असं एस्टिलनं परत येताना स्वतःला बजावलं. पण खोटं बोलणारा माणूस असा मागे वळून ओढ्याकडे बघत नाही.

पुढच्या सकाळी तो मचाणावर बसला. थंडी सुरेख होती. रुईची म्हातारी उडते ना, तसल्याच एका झुडपाचा कापूस तो खिशात ठेवायचा, वारा बघायला. एक म्हातारी सोडली. ऊन लागताच खोऱ्यातली हवा वर चढू लागली होती. म्हातारी घराकडून वर, धारेकडे निघून गेली.

एक मादी आली. थेट मचाणाखाली उभी राहिली. शिडीवर त्याचे हात-पाय लागले होते, तिथं तिनं नाक लावलं आणि झाडाची साल हुंगावी तसं हुंगून निवांत ओकची फळं खाऊ लागली. एस्टिलला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाखाली काहीतरी गार सरकलं. कुठल्याच जनावरानं माणसाला इतकं रिकामं समजू नये.

मग तो आला. म्हातारा नर, मान माजानं फुगलेली, शिंगांना सालीचे तुकडे लागलेले. एस्टिलच्या उजव्या बाजूनं, अगदी टप्प्यात. आणि अचानक थबकला.

त्यानं मान फिरवली ती मचाणाकडे नाही. खाली, घराकडे.

मादी फुरफुरली आणि पळाली. नर मात्र जागीच खिळला, थरथरत. त्याच वेळी खालून येणाऱ्या हवेत एस्टिललाही तो वास आला. भुसा. तेल. कांदा. कुणीतरी माणूस डोंगर चढून येत होता. वास ओळखीचा होता, अगदी घरातला. पण कुणाचा, ते काही केल्या आठवेना. आपला वास कुणाला कधी ठाऊक असतो?

त्यानं बाण सोडला. नर दोन उड्या मारून पडला.

खालून कुणीच आलं नाही.

मांस घरी आलं. ओपलनं कांद्याच्या रश्श्यात शिजवलं. भर दुपारी घरभर घमघमाट सुटला. एस्टिलचे कोपरापर्यंत हात रक्तात होते, अंग घामानं भिजलं होतं. आता तरी ओळखतील, असं म्हणत तो वेताच्या खुर्चीशी गेला.

पेनी त्या खुर्चीखाली पडली होती. त्याला बघून तिनं दात दाखवले.

त्यानं बापाच्या हातात ताटली दिली. हॉबर्टनी घास घेतला, चावला आणि त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं. "मारलास की रे," ते म्हणाले. आणि ताटली रिकाम्या खुर्चीकडे केली. "घे. तूही खा, पोरा."

"डॅडी!" एस्टिल ओरडला. ऐकू येणार नव्हतं, तरी ओरडला. त्यांचा हात धरून आपल्या मानेशी नेला.

म्हाताऱ्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त नवल होतं.

"ओपल," ते म्हणाले, "दार उघडं राहिलंय का? वारा आलाय आत."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि खुर्चीवर ठेवला.

एस्टिलनं त्या दिवशी पाच कांदे कच्चे खाल्ले. गिरणीत जाऊन भुशात लोळला. साखळीचं तेल मानेला चोळलं. आणि खुंटीवरचं जॅकेट ओपलच्या नाकाशी धरलं.

"सांग. कसला वास येतो?"

तिनं हुंगलं. मग त्याला हुंगलं.

"दोन्हींना ओढ्यातल्या दगडाचा," ती म्हणाली.

मग रोज तो अंग धुतलेलं पाणी उंबऱ्याशी ओतू लागला. ओढ्याचं पाणीही बादलीनं आणून उंबऱ्यावर ओतलं. उंबरा भिजायचा, वाळायचा. ओपल बघायची. शेगडीत लाकूड घालत राहायची.

बर्फ पडलं त्या सकाळी हॉबर्ट गेले. एस्टिल ओसरीपुढच्या बाकावर होता. आत बसणं त्यानं सोडलं होतं. बंद दारातून त्याला त्यांचं गाणं ऐकू येत होतं. त्यांनी ओळ टाकली. थांबले, मंडळींनी उचलावी म्हणून थांबायचे तसे. पुढची टाकली.

तिसरीनंतर पुढची आली नाही.

दार उघडून ओपल बाहेर आली. रडत होती, पण चेहऱ्यावर एक शांतपण होतं.

"तू होतास जवळ, ते फार बरं झालं रे," ती म्हणाली. "उंबऱ्यातच मला तुझा वास आला. हात हातात धरून, हसत गेले. तुझं नाव घेऊन..."

मग ती थांबली. बाकावर बर्फ साचलं होतं, आणि एस्टिलच्या खांद्यांवरही.

चर्चमध्ये मंडळींनी गायलं. गाता गाता उठली, हात हातात घेत, गळाभेट घेत फिरली. ड्यूईनं पहिली ओळ टाकली. एस्टिल रांगेत उभा होता. लोक येत होते, शेजारच्याला मिठी मारत होते आणि त्याच्यापाशी येऊन खांबाला वळसा घालावा तसे पुढच्याकडे जात होते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ती सगळी भली माणसं.

ड्यूई मात्र त्याच्यासमोर थांबला. हवा हुंगली. कपाळाला आठ्या घातल्या. मग वळून दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे गेला, हात पुढे केला आणि डोळे मिटून म्हणाला, "ये, एस्टिल. बापमाणूस गेला रे आपला."

तर मंडळी, एवढंच मागणं. देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या एकाचं नाव घ्या: एस्टिल स्टर्गिल, हॉबर्टचा लेक, ज्यानं बापासाठी हरीण आणलं. नावानंच आठवा. हुंगून नको.