ओवीआत्याचा मणका

आत्या पडली नव्हती. तिला कुणी ढकललंही नव्हतं. बाल्कनीतली कुंडी उचलायला ती वाकली आणि एकदम कळवळली, "आई गं!" कुंडी पाच किलोचीसुद्धा नव्हती. तरी इस्पितळात क्ष-किरण चित्र काढल्यावर कळलं, की तिच्या पाठीचा एक मणका चेपला गेला आहे.

एवढ्याशा वजनाने मणका कसा मोडेल?

मी, कैरवी, तेव्हा अकरा वर्षांची होते. साल होतं २०६३. ओवीआत्या शेतीशास्त्रज्ञ होती. चंद्रावरच्या तळावर भाजीपाला पिकवायला जाणाऱ्या तुकडीसाठी तिची निवड झाली होती. त्यासाठी ती आठ वर्षं झटली होती. फक्त शेवटची वैद्यकीय तपासणी बाकी होती.

तिसऱ्या दिवशी अंतराळ केंद्राचं पत्र तिच्या फोनवर आलं. तिचं नाव वगळलं होतं. आत्याने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, अस्थिशास्त्रज्ञ (हाडांचा अभ्यास करणारे) होते. ते खोलीबाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना विचारलं, "हाड दगडासारखं असतं ना, आजोबा? मग असं कसं मोडलं?"

"दगडासारखं नसतं गं. हाड जिवंत असतं. आत काही पेशी जुनं हाड खणून काढतात, दुसऱ्या पेशी तिथे नवं भरतात. खणणं जास्त झालं, की हाड आतून विरळ होतं. बाहेरून काही दिसत नाही."

"आत्याचं का जास्त झालं?"

"तुझ्या जन्माआधी तिची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिला मधुमेह होता, झोपेत श्वास अडकायचा. शस्त्रक्रियेमुळे ती सावरली, हे विसरू नकोस. डॉक्टरांनी तिचं जठर लहान केलं आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्नाला पुढची वाट काढून दिली. पण कॅल्शियम (हाडांना कठीणपणा देणारं खनिज) त्या सुरुवातीच्या भागातच सगळ्यात चांगलं शोषलं जातं. ते शोषायला मदत करणारं ड जीवनसत्त्वही कमी मिळू लागतं."

"मग शरीर काय करतं?"

"हृदय चालायला रक्तात कॅल्शियम लागतंच. ते कमी पडू लागलं, की परावटू ग्रंथी (गळ्यातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी) निरोप पाठवतात, हाडातून काढा! रक्तातलं प्रमाण ठीक राहतं, हाड झिजतं. शिवाय अंगाचा भार पेलता पेलताच हाड बळकट राहतं. वजन झपाट्याने उतरलं, की हाडावरचा भारही उतरतो. चंद्रावर तर तो सहावा हिस्साच उरणार. तिला कसं नेतील?"

"यावर उपाय नव्हता?"

"होता की. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पुरेशी प्रथिनं, ताकदीचा व्यायाम, वेळोवेळी रक्ताची आणि हाडांच्या घनतेची (हाड किती भरीव आहे याची) तपासणी. सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि जन्मभर. तिने दोन वर्षं केलं. मग बरं वाटू लागलं, कामं वाढली, गोळ्या सुटल्या. हाड झिजताना दुखत नाही, कैरवी."

त्यांनी चष्मा काढला. "हजारो लोकांची हाडं तपासली मी. आणि एकाच घरात राहून पोरीला एकदाही विचारलं नाही, गोळ्या घेतेस का म्हणून." आजोबांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही खोलीत गेलो. आजोबांनी आत्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं चुकलं, ओवी."

"मला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, बाबा," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "मलाच वाटलं, मी आता बरी झाले." मग तिने विचारलं, "गेलेलं हाड परत येईल?"

"थोडं येईल. सगळं नाही. पण झीज थांबवता येईल."

उड्डाणाच्या सकाळी आत्याच्या जागी दुसरी शास्त्रज्ञ गेली. आदल्या दिवशी आत्याने तिला फोनवर रोपांबद्दल दोन तास समजावलं होतं. यान वर गेल्यावर आत्याने उड्डाण दाखवणारा पडदा बंद केला, पाठीचा पट्टा आवळला आणि मला म्हणाली, "चल, व्यायामाची वेळ झाली." मी चप्पल घातली.

वर्षभराने घनता पुन्हा मोजली. ती वाढली नव्हती, पण घटलीही नव्हती. चंद्रावर जाणं मात्र कायमचं राहिलं.

त्यानंतर दर मंगळवारी आजोबा इस्पितळात जाऊन बसू लागले. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांची ते विचारपूस करत. सुट्टीत मीही सोबत गेले. पहिल्याच दिवशी एक तरुण शिक्षिका आली. तिच्या शस्त्रक्रियेला सहा वर्षं झाली होती.

"गोळ्या चालू आहेत? हाडांची तपासणी कधी केली होती?" आजोबांनी विचारलं.

ती हसली. "आता कशाला, काका? मी अगदी ठणठणीत आहे."

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा," ते म्हणाले. "तुम्हाला माझ्या मुलीबद्दल सांगतो."