आठही मासे जिवंत

"मी वेडा झालोय का, एवढंच मला शोधून द्या," म्हातारा म्हणाला.

फेब्रुवारीतला शनिवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. खाजगी तपासनीस विल्मा हूक्स्ट्राच्या कचेरीतला हीटर नुकताच गरम होऊ लागला होता. म्हातारा टोपी मांडीवर धरून बसला होता. आदेलीनो फुर्टाडो, वय शहाऐंशी. पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरून तरुणपणी कॅनडात हॅमिल्टनला आला आणि पोलाद कारखान्याच्या भट्टीवर एकतीस वर्षं काढली. बायको वारून नऊ वर्षं झाली होती. भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता, सोबतीला मासे.

क्लाइड ट्रॉम्बलीने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. क्लाइड निवृत्त बस ड्रायव्हर होता. आता तो विल्माची गाडी चालवायचा आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते कळायची वाट पाहायचा. ते बहुधा सगळ्यांत शेवटी त्यालाच कळायचं.

"सुरुवातीपासून सांगा," विल्मा म्हणाली. ती या कामाआधी वीस वर्षं विमा कंपनीसाठी पाण्याने झालेलं नुकसान तपासत होती. माणसं रडायला लागली तरी तिचा आवाज बदलत नसे.

"ख्रिसमसपासून चाललंय. एका गुरुवारी क्लबातून पत्ते खेळून घरी आलो तर शेगडी चालू. नंतरच्या गुरुवारी दार सताड उघडं. आणि परवा हे पाणी. नळाचा पाइप माशांच्या टाकीत सोडून मी निघून गेलो म्हणे. तीन तास पाणी वाहत होतं. खाली ओपल राहते, लग्नाचे झगे शिवते. तिचं छत कोसळलं."

"म्हणे? तुम्हाला आठवत नाही?"

"नाही ना. तेच तर." त्याने टोपी फिरवली. "मुलगी म्हणते, आता वृद्धाश्रमात चला. सोमवारी दहा वाजता डॉक्टरांसमोर सही करायची आहे. मी कबूल झालोय. पण सही करण्याआधी मला खात्री हवी. माझं डोकं गेलंय, असं कुणी परक्या माणसाने सांगितलं तर बरं."

क्लाइडला त्याची फार दया आली. प्रकरण तर उघडच होतं, त्यात शोधायचं काय?

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. जमिनीच्या फळ्या फुगून वर आल्या होत्या आणि चालताना पायाखाली पचपचत होत्या. सोफ्याची खालची बाजू काळी पडली होती. खिडकीपाशी पाचशे लिटरची टाकी होती, वर काचेचं झाकण. आत थाळीएवढे गोल, निळे-तांबडे मासे संथपणे फिरत होते. विल्माने ते मोजले.

"आठ. किती मेले?"

"एकही नाही. देवाची कृपा," म्हातारा म्हणाला आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "फार नाजूक जात आहे ही. यांना कोमट पाणी लागतं. मी पाणी आधी पिंपांत भरून दोन दिवस शिळं करतो, मगच टाकीत घालतो. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. दोन बादल्या नळाचं पाणी थेट ओतलं आणि अर्ध्या तासात सहा मासे उलटे तरंगायला लागले. लुसिंदा तेव्हा बारा वर्षांची होती. दोन दिवस जेवली नाही पोर."

"पिंपं कुठे आहेत?"

"न्हाणीघरात, टबातच. भरून वाहिली तरी पाणी मोरीतून जातं."

विल्मा खोलीच्या मध्यावर थांबली. तिथल्या फळ्यांचा एक मोठा चौकोन बाकीच्यांपेक्षा उजळ होता.

"इथे काय होतं?"

"गालिचा. माझ्या बायकोने बेटावर असताना विणलेला. नशीब बघा, बुधवारीच लुसिंदा तो धुवायला घेऊन गेली. नाहीतर तोही गेला असता."

"गुरुवारी तुम्ही निघालात किती वाजता?"

"बाराला. लुसिंदाच गाडीने सोडते. निघालो आणि हातमोजे वर राहिले. खिशात घातले होते अशी माझी पक्की खात्री होती, पण नव्हते. तीच वर जाऊन घेऊन आली. दहा मिनिटं मी गाडीत बसून होतो." तो कसनुसा हसला. "बघा. एवढंही लक्षात राहत नाही."

इमारतीची देखभाल करणारा रॉय स्टिन्सन जिन्यात भेटला. मालकाला जुने भाडेकरू काढून इमारत नव्याने करायची होती, हे त्याने लपवलं नाही.

"म्हातारा गेला तर मला त्याचं सोयरसुतक नाही," तो म्हणाला. "चावी माझ्याकडे आहेच. लुसिंदाकडे आहे, ओपलकडे आहे. पण गुरुवारी बारा ते तीन मी तळघरात होतो, बॉयलर तपासायला सरकारी माणूस आला होता. विचारा त्याला."

"पाणी कुणी बंद केलं?"

"तीनला ओपलचा फोन आला. मी वर धावलो, तेवढ्यात लुसिंदाही पोचली. मीच तिला फोन केला होता. दारातून पाहिलं तर घोट्यापर्यंत पाणी. ती म्हणाली, 'रॉय, तुम्ही आधी खाली जाऊन मुख्य झडप बंद करा, मी आत बघते.' मी परत आलो तर पाइप टाकीत होता, वरचं झाकण सरकवलेलं. तिने नळ बंद केला होता."

"आणि मासे?"

"माशांचं काय? होते आत. पाणी ते पाणी. नळाचं की तळ्याचं, माशाला काय कळतंय?"

ओपल ग्रँट खालच्या मजल्यावर कोसळलेल्या छताखाली खुर्ची टाकून बसली होती. आठ महिन्यांचं काम भिंतीला लटकत होतं. अकरा पांढऱ्या झग्यांवर छताच्या चुन्याचे तपकिरी ओघळ.

"आज दोन वाजता एका मुलीचं लग्न आहे," ती म्हणाली. "मैत्रिणीचा उसना झगा घालून उभी राहणार आहे. काल इथे येऊन रडली नाही, ओरडली नाही. नुसती बघत राहिली. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं."

"आदेलीनोंवर राग आहे?"

"परवा होता. काल ते खाली आले आणि गुडघ्यांवर बसून माझी फरशी पुसायला लागले. शहाऐंशी वर्षांचा माणूस. उठवता उठेनात." ओपलने तोंड फिरवलं. "त्यांना राहू द्या हो इथेच. मी वर जाऊन बघत जाईन."

क्लाइड जिना चढता चढता म्हणाला, "रॉय तळघरात होता. ओपल स्वतःचं छत कशाला पाडेल? म्हणजे म्हाताऱ्यानेच केलं."

"क्लाइड, तू फक्त भिजलेल्या वस्तू बघतोयस," विल्मा म्हणाली.

बाराला लुसिंदा आली. पन्नाशीची, नीटनेटकी, दमलेली बाई. हातात वृद्धाश्रमाचे कागद होते. विल्माने रॉय आणि ओपललाही वर बोलावून घेतलं. भिजलेल्या सोफ्यावर कुणीच बसलं नाही.

"पाइप टाकीत होता, असं तुम्ही म्हणता," विल्माने लुसिंदाला विचारलं. "तुम्ही आत आलात तेव्हापासून?"

"हो. मीच बाहेर काढला."

"तीन तास हा नळ पूर्ण सोडला, तर टाकीतलं पाणी किमान तीनदा बदलतं. बर्फासारखं गार पाणी, वर त्यात क्लोरीन. दोन बादल्यांनी सहा मासे मारले होते. इथे आठांतला एकही मेला नाही. या टाकीत नळाचं पाणी गेलेलंच नाही. पाइप टाकीमागे जमिनीवर पडला होता. रॉयना तळघरात पाठवल्यावर कुणीतरी उचलून तो टाकीत ठेवला."

म्हातारा माशांकडे बघत होता.

"हे रॉयनी केलं असतं तर पाइप सरळ टाकीतच सोडला असता, कारण त्यांच्या लेखी पाणी ते पाणी. हे करणाऱ्याला मासे मरतील हे माहीत होतं. ते मरू नयेत असं त्याला वाटत होतं. आणि गालिचाही भिजू नये असं वाटत होतं, म्हणून तो आदल्या दिवशीच बाहेर गेला. हातमोजे खिशातच होते, मिस्टर फुर्टाडो. तुम्ही विसरला नव्हतात. ते काढून घेतले होते, परत वर जायला निमित्त हवं म्हणून."

"पोरी," ओपल हळूच म्हणाली. "माझे अकरा झगे."

"तुमचं छत पडेल असं मला वाटलं नव्हतं," लुसिंदा म्हणाली. तिने नाकारायचा प्रयत्नही केला नाही. "थोडं पाणी गळेल, रॉय तक्रार लिहील, एवढंच. डॉक्टर म्हणाले, यांच्या तपासणीत काही निघत नाही, घटना घडल्या तर नोंदवून आणा. म्हणून घडवल्या. नवरा नोकरीसाठी वर्षभर तिकडे लांब कॅल्गरीत एकटा आहे. बाबांना एकटं टाकून मी जाऊ शकत नाही, आणि हे इथून हलत नाहीत. तीनदा विचारलं. तीनदा म्हणाले, माझं डोकं शाबूत आहे तोवर मी इथेच."

"म्हणून तू डोकंच काढून घेतलंस," म्हातारा म्हणाला.

"बाबा, मी तुम्हाला इजा केली नाही."

"दोन महिने मी माझ्याच हातांना घाबरतोय. शेगडीला हात लावत नाही. थंड जेवतो." त्याचा आवाज वर गेला नाही. "रोज तू फोन करायचीस. बाबा, आज काही विसरलात का? आणि मी आठवत बसायचो."

लुसिंदा रडायला लागली. विल्मा तिच्याकडे बघून कोरडेपणाने म्हणाली, "मासे मरू दिले असते, तर मी काहीही सिद्ध करू शकले नसते. त्यांची दया आली तुम्हाला."

त्या वाक्यावर म्हाताऱ्याने डोळे मिटले. क्लाइडला वाटलं, हे तिने बोलायला नको होतं.

डोळे उघडून आदेलीनो विल्माला म्हणाला, "मी तुमच्याकडे आलो तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल की माझं डोकं गेलंय. ते मी सोसलं असतं. त्याची तयारी करून आलो होतो."

त्याने मुलीच्या हातातले कागद घेतले, नीट दुमडले आणि परत तिच्याच हातात दिले. "जा कॅल्गरीला. माझी काळजी करू नकोस. माझं डोकं शाबूत आहे. आज जे ऐकलं, ते मरेपर्यंत लक्षात राहील."

लुसिंदा मार्चमध्ये गेली. रविवारी फोन करते, तो उचलत नाही. घरमालकाने फळ्या बदलल्या. ओपलकडे आता कुणी नवी मुलगी झगा शिवून घ्यायला येत नाही, ती शाळेचे गणवेश शिवते.

गुरुवारी म्हाताऱ्याला क्लबात सोडायचं काम क्लाइडने आपणहून घेतलं. बाराला तो इमारतीसमोर गाडी लावतो. आदेलीनो खाली येतो, शेजारी बसतो, पट्टा लावतो. गाडी सुरू होते. मग तो पट्टा काढतो.

"एक मिनिट," तो म्हणतो. "नळ बघून येतो."

पहिल्या दिवशी क्लाइड म्हणाला होता, "अहो, तुम्ही काहीच विसरत नाही. सिद्ध झालंय ते."

"माहीत आहे मला," म्हातारा म्हणाला होता, आणि तरीही तीन मजले चढून गेला होता. कधी एकदा जातो, कधी दोनदा. क्लाइड इंजिन बंद करून बसून राहतो.