मास्तरांचा प्रश्न

दार ओढून घ्या रे. आणि ते मोबाइल बाजूला ठेवा, गोष्ट त्यातलीच आहे.

माझा भाचा माहितीये ना? त्याची कंपनी इंटरनेटवरची मशीनं भाड्याने घेते. नवं मशीन मिळालं की त्यावर एक नमुन्याचं ॲप चढवायचं. ॲप कसलं, एक रिकामी चौकट! काहीतरी टाइप करायचं, तेच पानावर उमटलं की मशीन धडधाकट. सगळे 'टेस्ट' लिहितात. भाच्याला काम शिकवणारे मास्तर मात्र लिहायचे, 'जेवलास का?' रात्रपाळीच्या पोरांची तेवढीच विचारपूस. गेल्या वर्षी वारले बिचारे.

गेल्या महिन्यातला पहिला बुधवार. रात्री भाचा घरी एकटाच. नवं कोरं मशीन सुरू केलं, ॲप चढवलं, पान उघडलं. बोट लावायच्या आत अक्षरं हजर. 'जेवलास का?'

"कुणीतरी खोडी काढली असेल, काका."

अरे, त्यालाही हेच वाटलं! पासवर्ड दोघांकडेच: हा आणि त्याचा जोडीदार, चष्मिश. त्यात बढती दोघांतल्या एकालाच मिळणार होती. झालं, संशय डोक्यात शिरला. तडक फोन.

"अरे, पोराला ताप आहे, मी दवाखान्यात बसलोय. आईशप्पथ, मी नाही!"

"मग काय मास्तर आले?" म्हणत याने फोन आपटला आणि साहेबांना मेल ठोकला. चष्मिशची नोकरी गेली. माझा सख्खा भाचा असला तरी सांगतो, मला हे मुळीच पटलं नाही.

पुढचा बुधवार. पासवर्ड बदललेला, फक्त याच्याकडे. नवं मशीन. पान उघडलं... कोरं. हायसं वाटलं गड्याला. 'टेस्ट' लिहिलं. बटण दाबलं.

'टेस्ट' उमटलंच नाही.

एक अक्षर आलं... मग दुसरं... सावकाश. मास्तर एका बोटाने टाइप करायचे, तसं.

'तो जेवला का?'

भाच्याने झटकन मशीन कायमचं पुसून टाकलं. पान पुन्हा उघडलं...

तसंच.

काय रे, पटत नाही ना? मलाही थापच वाटली होती. म्हणून परवा त्याच्या मोबाइलवर स्वतः पाहिलं. मशीन कुठेच नाही, पान मात्र उघडतं. म्हटलं, "साहेबांकडे जा, चूक कबूल कर." गेला नाही. बढती मिळालीय ना त्याला! चष्मिश अजून घरीच आहे.

काल पुन्हा उघडलं. प्रश्नाखाली आणखी एक ओळ आली होती.

'आणि त्याचं पोर?'