चुकीसकट बगळा

टिलबर्गच्या जुन्या बाजारात त्या रविवारी भुरभुर पाऊस होता. प्रणिता टेबलांवरचं सामान न्याहाळत हळूहळू पुढे सरकत होती. गंजलेल्या किल्ल्या, चिनीमातीच्या बशा, कुणाच्या तरी आजीचं पितळी घड्याळ... आणि तिथं तिला तो साचा दिसला. डच बिस्किटांचा, लाकडात कोरलेला, हातभर लांब. पण तो आधीच कुणाच्या तरी हातात होता.

"शंकरपाळ्यांना चालेल का हा..." तो माणूस स्वतःशीच पुटपुटला. शुद्ध मराठीत.

प्रणिताला हसू आवरेना. "नाही चालणार. तुकडे पडतील."

त्यानं वळून पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, ओले केस, आणि क्षणभर गोंधळलेली नजर. मग तो म्हणाला, "तुम्ही प्रणिता ना? बगळ्याचं चित्र छापणाऱ्या?"

तिचं हसू तिथंच थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"इन्स्टाग्रामवर पाहिलं होतं, आवडलं. मी केतन. अ‍ॅमस्टरडॅमला असतो." साचा तिच्यापुढे धरत त्यानं विचारलं, "बगळा तुम्ही कधी कोरलात?"

कधी? चित्र आवडलं म्हणणारा माणूस असं विचारतो का? प्रणितानं साचा घेतला, तुटक आभार मानले आणि ती निघाली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गोडबोल्या बाईनं तिच्या कमळांची नक्षी उचलून टॉवेलांवर छापली होती. तेव्हापासून कुणी दोन प्रश्न जास्त विचारले की ती कान टवकारायची.

पंधरवड्यानं ती हार्लेमच्या बाजारात आपली छापचित्रं घेऊन बसली होती. समोर पाहते तर केतन.

"इकडे कुठे?" तिनं विचारलं.

"सहज."

"अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेमला सहज?"

"ट्रेन जवळच आहे..." तो ओशाळून म्हणाला. तेवढ्यात वाऱ्यानं पाऊस तिच्या स्टॉलमध्ये घुसला. केतननं छत्री उघडली आणि चित्रांवर धरली. स्वतः मात्र भिजत उभा राहिला. पावसाचं पाणी त्याच्या कॉलरमध्ये शिरत होतं, तरी तो हलला नाही. प्रणिता त्याला आत बोलावणारच होती... आणि तेव्हाच त्यानं विचारलं, "बगळ्याचा मूळ लिनो, तो कोरलेला ठसा, अजून आहे का तुमच्याकडे?"

"का?"

"असाच."

पुढच्या महिन्यात उट्रेख्टच्या बाजारातही तो आला. या खेपेला त्यानं बगळ्याचा फोटो काढला. तिची पाठ होती, पण समोरच्या काचेत तिला सगळं दिसलं.

"तो तुझ्यावर फिदा आहे," मंजूषा म्हणाली. टिलबर्गच्या एका जुन्या लोकर गिरणीत दोघींचा मिळून स्टुडिओ होता.

"फिदा असलेला माणूस माझा फोटो काढेल. बगळ्याचा कशाला?"

त्या संध्याकाळी प्रणितानं लिंक्डइनवर त्याला शोधलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात नोकरी, घरसजावटीच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत. उशा, पडदे, वॉलपेपर. राग आला होताच. पण वाईट जास्त वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचाच तिला जास्त राग आला.

तिनं त्याला मेसेज केला. 'मूळ लिनो बघायचाय ना? शनिवारी स्टुडिओत या.'

तो आला. तिनं चहा दिला, समोर लिनो ठेवला आणि विचारलं, "तुमच्या कंपनीसाठी नक्षी गोळा करता का?"

केतननं कप खाली ठेवला. मग तो लिनोवर वाकला. बगळ्याच्या पंखावर एक तिरकी रेघ होती. कोरताना तिची कोरणी निसटली होती, त्याची खूण.

"हीच..." तो हळूच म्हणाला आणि त्यानं फोन पुढे केला. स्क्रीनवर एक उशी होती. उशीवर तिचा बगळा. पंखावर तीच रेघ.

"चुकीसकट चोरलाय," प्रणिता पुटपुटली.

"मी वेबसाइटचं काम बघतो. एका पुरवठादारानं ही नक्षी स्वतःची म्हणून आम्हाला दिली. तुमचं चित्र आधी पाहिलं होतं, म्हणून शंका आली. पण खात्री नसताना बोललो असतो तर..." तो थांबला. "माझं इथं राहण्याचं परमिट या नोकरीवर आहे."

"मग आता?"

"उट्रेख्टच्या फोटोत रेघ स्पष्ट आली. कालच वरिष्ठांना सगळं कळवलं. उशी आज काढतील. साहेब खूश नाहीत. माझा नोकरीचा करार संपतोय, तो वाढवतील असं वाटत नाही."

बाहेर गिरणीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. प्रणितानं फोन परत दिला. त्याच्या बोटांना तिची बोटं लागली, आणि दोघांपैकी कुणीच घाईनं हात मागे घेतला नाही.

"एक गोष्ट पटत नाही," ती म्हणाली. "फोटो तर इन्स्टाग्रामवरही होता. मोठा करून बघितला असता, तरी रेघ दिसली असती."

केतननं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दिसली असती..."

"मग टिलबर्ग, हार्लेम, उट्रेख्ट?"

"टिलबर्गला बगळ्यासाठीच आलो होतो. तुमचा स्टुडिओ बंद होता, म्हणून बाजारात शिरलो," तो म्हणाला. "तिथं तुम्ही हसलात. त्यानंतरचं... बगळ्यासाठी नव्हतं."

प्रणिता उठली. शाईचा रोलर ती मंजूषालाही कधी देत नसे. तो तिनं त्याच्या हातात दिला, वर आपला हात ठेवला आणि लिनोवर काळी शाई फिरवायला शिकवू लागली. वर कागद दाबून उचलला तेव्हा बगळा एका बाजूनं पुसट उमटला होता.

"बिघडवला मी," तो म्हणाला.

"हो."

"आता तरी विश्वास बसला?"

तिनं ओला कागद दोरीवर अडकवला आणि पाठमोरी राहूनच हसली.

"इतक्यात नाही. पुढच्या शनिवारी परत ये... तुझी नीट चौकशी करावी लागेल."